एका हाताला लोखंडी विळी

बायकोला अर्धांगाचा झटका आला तो गावी, घरामागच्या परड्यात वांगी तोडताना. डावा हात गेला, डावा पाय गेला, ओठाची डावी कड खाली ओघळली. वाचा तेवढी शाबूत राहिली. गावाहून कराड, कराडहून मिरज, मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस, आणि मग सांगलीला विश्रामबागेत लेकाच्या फ्लॅटवर मुक्काम. गावच्या घराला कुलूप घातलं. उसाकडं पुतण्या बघतो.

मी फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेला माणूस. आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझी नोकरी सरहद्दीवर गेली आणि तिची उमर माझ्या आईबापाचं, पोराचं, रानाचं बघण्यात. वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, तेवढाच आमचा संसार. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता बसू दोघं निवांत. तर हे असं झालं. देवाला शिव्या घातल्या मी, खोटं कशाला बोलू?

फ्लॅट चांगला आहे. लेक चांगला, सून तर लेकापेक्षा चांगली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिचा स्वभावही गोड. चार पायांची काठी धरून बायको हळूहळू संडासापर्यंत चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, छान प्रगती आहे. पण मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. ही बाई पानात पडेल ते गप खात होती. मीठ कमी, तिखट जास्त, काही बोलायची नाही. अहो, हिनं माझ्या आईच्या आमटीला नावं ठेवलेली, तेही नवी नवरी असताना! आणि आता घास भरवला की तोंड उघडायचं, पुसलं की मिटायचं. रोज थोडी थोडी निघून चालली होती माझ्यासमोर. मला भ्या वाटायला लागलं. गोळीबारात वाटलं नव्हतं तेवढं वाटलं.

मग एका सकाळी मी तिचे केस विंचरत होतो, तर ती एकदम म्हणाली, "माजी इळी आणा."

"इळी? काय करायचीय?"

"काय करत्यात इळीनं? दाढी करायचीय माजी."

किती महिन्यांनी टोमणा मारला! मला असा आनंद झाला की फणी हातातून पडली. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि सूनबाईला सांगितलं. तिच्या ओट्यावर सुऱ्या होत्या, विळी नव्हती. पण बिचारी संध्याकाळी कॉलेजातून येताना बाजारातून नवीकोरी विळी घेऊन आली. स्टेनलेसची, घडीची, खाली रबराचे पाय, आरशासारखं पातं. "आई, ही गंजत नाही, धुऊन ठेवली की झालं," म्हणाली. किती कौतुकानं आणली होती तिनं.

आता विळीचं एक सांगतो, म्हणजे बायको विळीच का मागत होती ते ध्यानात येईल. सुरीला दोन हात लागतात. एका हातानं भाजी धरायची, दुसऱ्यानं सुरी चालवायची. एक हात गेला की सुरी संपली. विळीचं तसं नाही. विळी पायाखाली दाबलेली असते, पातं उभं असतं, आणि भाजी पात्याकडं न्यायची असते. बायकोचा उजवा हात धड, उजवा पाय धड. म्हणजे भिंतीला टेकून बसली, पाय विळीच्या पाटावर ठेवला, तर एका हातानं ती चिरू शकते. हे ना डॉक्टरला सुचलं, ना मला. अंथरुणात पडल्या पडल्या तिचं तिनंच काढलं.

पण एक अडचण आहे. दोन हात असले की पात्याच्या दोन्ही अंगानं भाजी धरता येते. एकाच हातानं धरली की दुसरं टोक मोकळं. पातं तिखट असेल तर भाजी हलायच्या आत कापून मोकळी होते. बोथट असेल तर दाबावं लागतं, आणि दाबलं की मोकळं टोक फिरतं आणि हात पात्यावर येतो.

तसंच झालं. पहिले दोन-तीन दिवस नव्या विळीनं काम दिलं. बायको भेंडी चिरायची, मी समोर बसून बघायचो. मग धार उतरली. मी दगडावर लावून बघितली, कानस मारून बघितली. पातं नुसतं घसरायचं, धार काही बसेना. पातळ पत्रा तो, त्याला काय धार येणार? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं दोडका घेतला. दोडक्याची शीर निबर. तिनं जोर लावला, दोडका फिरला, आणि तळवा पात्यावर आला. धार नव्हती म्हणून कापलं नाही, फाटलं. वेडीवाकडी जखम झाली.

त्यात तिला रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. रक्त काही थांबेना. फडकी भिजली, टॉवेल भिजला, सूनबाई पांढरीफटक पडली. लेकानं गाडी काढली, मिरजेला नेलं, टाके घातले. डॉक्टर बायकोला नाही, आम्हाला रागावले. या गोळ्या चालू असताना धारदार वस्तू हातात देता कशी, म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

घरी आल्यावर लेकानं फर्मान काढलं. विळी बंद. स्टेनलेसची विळी खालच्या वॉचमनच्या बायकोला देऊन टाकली. सुऱ्या वरच्या फडताळात गेल्या. बायको उठली. पलंगावर गेली, भिंतीकडं तोंड केलं, आणि जेवायच्या वेळेला म्हणाली, "भूक न्हाई." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि हाताचे टाके निघून जखम भरली तरी तेच, बळंच दोन घास. व्यायामाची मुलगी आली तर हात पुढं करीना. "कशाला आता?" म्हणाली. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी कुणाकडं बघू?

त्या दिवशी माझं आणि लेकाचं वाजलं.

"आबा, तुम्हाला कळतंय का? रक्त थांबत नाही तिचं!"

"विळी तिनं मागितली, ही मागितली नव्हती. ती तिची लोखंडी विळी मागत होती."

"लोखंड काय आणि स्टेनलेस काय, बोट कापायचं ते कापतंच."

"न्हाई रं! तिखट हत्यार भाजी कापतं. बोथट हत्यार माणसाला खातं. ऊस तोडणाऱ्याला विचार. मांडीत कोयता कवा घुसतो? धार गेल्यावर, घाव उसावरनं सटकल्यावर."

"आईला ऊस तोडायचाय का?"

मग मी काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून बंद झालं एवढं सांगतो. सूनबाई मधे पडली, तिनं दोघांना पाणी दिलं.

पण मला जे तेव्हा धड सांगता आलं नाही ते इथं सांगतो. लोखंडी म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, पाणी दिलेलं पोलाद. आमच्या गावात लोहार ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घ्यायचा, लाल करून ठोकायचा, आणि शेवटी तापलेलं पातं पाण्यात बुडवायचा. त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी बरोबर बसलं की धार टिकते, आणि गेली तर दगडावर चार हात मारले की परत येते. माझा कोयता तसा, घरची खुरपी तशी. फौजेत आमच्या शेजारी गोरख्यांची पलटण होती. त्यांच्यातल्या एकाला मी कँटीनमधला चकचकीत चाकू दाखवला होता. त्यानं कुकरी काढली, दाढीवर फिरवून दाखवली आणि माझा चाकू परत माझ्या खिशात घातला.

स्टेनलेसला मी उगाच शिव्या देत नाही. ताटं, वाट्या, तांब्या, सगळं स्टेनलेसचं असू दे, मला काय? पण कापायच्या कामाला ते म्हणजे लग्नघरातला पाहुणा. दिसायला इस्त्रीचा आणि पंगत वाढायला उठत नाही. लोखंडाचा मात्र नखरा असतो, तोही मान्य करतो. ओलं ठेवलं की गंजतं. वांगं चिरलं की काळं पडतं. कांद्याला पहिल्यांदा लोखंडाचा वास लागतो. रोज पुसावं लागतं, तेलाचं बोट फिरवावं लागतं. बायकोनं ते सगळं रोज केलं. तिच्या बापानं लग्नात दिलेली विळी ती. दगडावर घासून घासून पातं निम्म्यावर आलंय, पण केसासारखा कांदा चिरते. मागं लेकानं गावी एकदा स्टेनलेसची आणायची गोष्ट काढली होती, तर ती त्याला म्हणाली होती, "तुज्या पाचवीला हीच पुजलीया. पाचवीला स्टेनलेस पुजत्यात व्हय?"

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता एसटीत बसलो आणि गावी गेलो.

कुलूप काढलं. घरात बंद घराचा वास. स्वयंपाकघरात विळी होती तशीच होती, चुलीजवळ, पातं आडवं पाडून. विळी उभी ठेवायची नाही ही तिची शिस्त. इतके महिने घर बंद, मधे सगळा पावसाळा गेलेला. मला वाटलं, गंजून राख झाली असणार. बोट फिरवलं तर बोटाला धूळ आणि तेल लागलं. करडीचं तेल. झटका आला त्या सकाळी न्याहारीचा कांदा चिरून तिनं पातं पुसलं होतं, तेल लावलं होतं, आणि मग दुपारच्या भाजीला वांगी तोडायला परड्यात गेली होती. त्या तेलानं पातं राखलं होतं. मी तिथंच चुलीपुढं बसलो आणि रडलो. घरात कुणी नव्हतं, मग कशाला लाजायचं?

पोत्यात गुंडाळून विळी एसटीत पायाशी ठेवली. कंडक्टर म्हणाला, "आबा, काय हाय पोत्यात?" म्हटलं, "बायको हाय." तो हसला. मी नाही हसलो.

फ्लॅटवर पोचलो तेव्हा सूनबाई एकटीच घरी होती. मला वाटलं आता हिच्याशीही वाजणार. तिनं पोतं बघितलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "बाहेर ठेवू नका, आईंना दाखवा." बायको पलंगावर पडली होती. विळी तिच्याजवळ टेकवली, तर तिनं उजव्या हातानं पाट चाचपला, पात्याची पाठ चाचपली, धारेला हात लावला नाही. उठून बसायचं म्हणाली. मी लगेच कांदे आणायला निघालो.

"आवं, थांबा. उद्या खंडेनवमी हाय. उद्या पुजायची. पुजल्यालं हत्यार त्या दिवशी चालवत न्हाईत. परवा दसऱ्याला बसते."

कित्येक महिन्यांनी ती 'परवा' म्हणाली. परवा काहीतरी करायचंय असं. मी कांदे आणायचं सोडलं. संध्याकाळी लेक आला, विळी बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण आईनं भाकरी मागून घेतली आणि वर "मीठ घाल की गं पिठात" म्हणाली, तेव्हा त्यानंच तिचं ताट जवळ सरकवलं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी सूनबाईनं पाटावर सगळी मांडामांड केली. मिक्सर, शिवणाचं मशीन, स्कूटरची किल्ली, लेकाचा लॅपटॉप, आणि मधोमध विळी. सूनबाई सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याची लेक. तिच्या माहेरी हळदीला कमतरता नाही आणि पूजेला कुचराई नाही. आमच्या गावी खंडेनवमीला हत्याराला कोरड्या हळदीकुंकवाचं बोट लावतात आणि सांजच्याला पुसून तेल देतात. तिनं मात्र हळद पाण्यात कालवून सगळ्या पात्याला जाड लेप दिला, वर ओलं कुंकू, वर अक्षता, झेंडूची फुलं, पाण्याचा शिडकावा. आणि त्यांच्यात रीत अशी की पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत पुसायचं नाही. बायको दमून लवकर झोपली होती, तिनं बघितलं नाही. मी बघितलं, पण मला वाटलं, पोरगी एवढ्या भावानं करतेय, मधे कशाला बोला.

दसऱ्याच्या सकाळी उठून बघतो तर पिवळ्या लेपातून तांबडे ओघळ. हळद खरवडली तर खाली पातं गंजलेलं. इतक्या महिन्यांच्या बंद घरानं जे केलं नाही ते एका रात्रीच्या पूजेनं केलं!

लेकाला निमित्तच पाहिजे होतं. "बघा! याच्यानं कापलं तर धनुर्वात होईल," म्हणाला आणि विळी उचलून गॅलरीत नेली, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. माझा आवाज चढला. त्याचाही चढला. सणाच्या दिवशी दोघं एकमेकांवर खेकसतोय आणि सूनबाई दारात उभी राहून डोळ्याला पदर लावतेय. "माझ्यामुळं झालं, मीच केलं," एवढंच म्हणत होती.

आणि आतून हसणं ऐकू आलं.

बायको काठी धरून दाराशी आली होती. एकटी आली होती, कुणाला न बोलावता. ओठाची एकच कड हसत होती, पण हसत होती. "आगं, रडतीस काय येडे?" सूनबाईला म्हणाली. "हळदीनं गंजलं म्हंजी खरं लोखंड हाय. स्टेनलेसला दे लेप, देव आला काय आन गेला काय, काय कळतंय त्याला? घासलं की जातंय." मग माझ्याकडं वळली. "तुमी काय उभं ऱ्हायलाय कवायतीला? दगड आणा."

दगड मी गावाहून विळीबरोबरच आणला होता. गॅलरीत बसलो, पाणी शिंपडलं, आधी विटकरीच्या पुडीनं गंज काढला, मग धार लावायला घेतली. बायको खुर्चीत बसून कानानं ऐकत होती. "लय दाबतायसा. बंदूक न्हाई ती." मी हात हलका केला. "आता पलटा. न्हाई, अजून चार हात." लेक आतून बाहेर, बाहेरून आत करत होता. एकदा थांबून त्यानं पात्याकडं बघितलं. पात्यावरचा गंज निघाला, धारेची कड पांढरी दिसायला लागली. बायकोनं कांद्याची एक सुटी साल मागितली आणि पात्यावर नुसती टेकवली. सालीचे दोन तुकडे झाले. "हां," म्हणाली.

पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून विळी स्वयंपाकघरात ठेवली. तिला खाली बसवायचं म्हणजे काम असतं. मी काखेतून धरलं, लेकानं पाय धरला. होय, त्यानंच धरला, मी सांगितलं नव्हतं. भिंतीला पाठ, खाली उशी, डावा पाय लांब, उजवा पाय विळीच्या पाटावर. तिनं पायानं विळी एकदा दाबून बघितली. मग म्हणाली, "भोपळा आणा."

पुरणपोळी होणारच होती. पण तिला भोपळ्याची भाजी पाहिजे होती, गावाकडचा लाल भोपळा पुतण्यानं पाठवलेला. लेक म्हणाला, "आई, भोपळा? पहिल्याच दिवशी? भेंडी घे, काहीतरी मऊ घे." ती त्याच्याकडं बघेचना.

आमच्यात अख्ख्या भोपळ्याला बाई पहिला घाव घालत नाही. गड्यानं फोडायचा, मग बाईनं चिरायचा. मी फौजेत असताना ती भोपळा घेऊन दिराची वाट बघायची, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्याला बोलवायची. मी सुट्टीवर आलो की पहिल्या आठवड्यात भोपळा ठरलेला. तेव्हा मला वाटायचं हिला भोपळा आवडतो.

मी खाली बसलो, दोन्ही हातांनी भोपळा विळीवर घातला. लोखंड असं उतरलं की माझाच तोल जाता जाता राहिला. दोन भाग झाले, चार झाले, फोडी धरण्याजोग्या झाल्या. "बास," ती म्हणाली. "आता सरा."

मी सरलो. तिनं उजव्या हातात फोड घेतली आणि पात्याला लावली. फोडीचं दुसरं टोक मोकळंच होतं. सगळे बघत होतो. फोड फिरली नाही. सरळ दोन झाली, परातीत पडली. दुसरी घेतली. तिसरी. साल सोलायला फोड उभी धरून खालून वर नेत होती, सालीची पट्टी लांब निघत होती. परात भरायला लागली तशी तिच्या मानेवरची शीर ढिली झाली. सूनबाई माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

आणि मग अंगठा कापला.

निबर साल होती, तिनं जरा जास्त ओढली. अंगठ्याच्या पेरावर बारीक रेघ उमटली आणि रक्त आलं. गोळ्यांचं रक्त ते, पातळ, भराभर. लेक ओरडला, "बघितलंत? बघितलंत आबा?" सूनबाई फडकं घ्यायला धावली. लेकानं गाडीची किल्ली घेतली. मी पुढं झालो, विळी तिच्या पायाखालून काढायला हात घातला.

तिनं पाय उचलला नाही. दाबून धरला होता पाट.

"काढू नगा," म्हणाली.

"अगं, रगात येतंय."

"बोट माजं हाय." आवाज मोठा नव्हता, पण तिघंही जागच्या जागी उभे राहिलो. "कापलं तर माजंच कापंल. एवढं तरी माजं ऱ्हाऊ द्या."

तिनं सूनबाईकडून हळद मागितली. सूनबाईनं डबाच आणला. तिनंच चिमूट दाबली, वरून फडकं धरलं, आणि बायको मला म्हणाली, "तुमी हितं बसा अन् हे दाबून धरा. माजा दुसरा हात आसता तर मीच धरलं आसतं."

मी बसलो. दोन बोटांनी तिचा अंगठा दाबून धरला. लेक किल्ली हातात घेऊन भिंतीला टेकून उभा, सूनबाई ओट्याशी. फडक्यावर ठिपका उमटला, मोठा झाला, आणखी मोठा झाला. मी मनात काय काय नवस बोललो ते मलाच ठाऊक. बराच वेळ गेला. मग ठिपका वाढायचा थांबला. अजून थोडं धरलं, मग फडकं उचललं. तिखट पात्याचा घाव सरळ होता, कड कडेला चिकटली होती. परत रक्त आलं नाही. लेक खाली बसला, आईचा अंगठा हातात घेऊन जवळून बघितला, दोन-तीनदा बघितला, आणि स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. मग किल्ली परत खिळ्याला लावून आला.

बायकोनं पुढची फोड उचलली. मी अजून समोरच बसलेलो, हात पुढं करून, घसरली तर झेलायला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं.

"तुमी आता जावा."

"कुटं जाऊ?"

"जावा कुटं बी. उठायच्या वक्ताला हाक मारते."

मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली पोरं आपट्याची पानं घेऊन या जिन्यातून त्या जिन्यात पळत होती. आतून चिरल्याचा आवाज येत होता, फोड परातीत पडल्याचा, मग थोडं थांबून परत. झटका आल्यापासून तिला उठवणं, बसवणं, भरवणं, विंचरणं सोडून मी दुसरं काही केलं नव्हतं. आता हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते सुचेना. आनंद झाला होता, आणि कुणीतरी ड्यूटीवरून काढून टाकल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही एकदम. मी हाकेची वाट बघत राहिलो. हाक यायला फार वेळ लागला. म्हटलं, लागू दे.